पैठणी उलटून बघता, मग खाजेची ट्यूब का नाही?

"भाऊ, खाजेची एक ट्यूब द्या."

येवल्यातल्या एखाद्या मेडिकलसमोर थोडा वेळ उभं राहा, हे वाक्य कानावर पडेल. त्यानंतर समोरून प्रश्न येत नाही. खाज कुठं आहे, किती दिवसांची आहे, कोणाला आहे, तान्ह्या बाळाला की आजोबांना, कोरडा चट्टा आहे की पू आलाय, काही विचारणं नाही. हात मागच्या कप्प्यात जातो, ट्यूब काउंटरवर येते, पैसे गल्ल्यात जातात. बिल मागितलं तर समोरचा असा बघतो, जणू आपण त्याच्या बांधावर हक्क सांगितला.

मित्रांनो, आज या ट्यूबबद्दल लिहितोय. पोस्ट लांब आहे. पण घरात कोणाला इसब, नायटा, गजकर्ण, केसतोड, पुळ्या असं काही असेल तर शेवटपर्यंत वाचा. आणि यातलं काहीच नाही असं एक घर गावात असेल तर मला दाखवा.

आपण येवल्याची माणसं. बाहेरगावचं गिऱ्हाईक पैठणी घ्यायला आलं की आपण त्याला अभिमानानं सांगतो, "साडी उलटून बघा. हातमागावरची खरी असेल तर पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसेल. मागं सुटे धागे लोंबत असतील तर समजा फसलात." हजारो रुपयांची साडी उलटून बघायला आपण जगाला शिकवतो. आणि अंगाला, पोराच्या गालाला, लेकीच्या चेहऱ्याला लावायची ट्यूब मात्र उलटून बघत नाही.

एकदा बघाच. अक्षरं मुंगीएवढी असतात, मोबाईलचा कॅमेरा मोठा करून वाचा. खाजेच्या अनेक ट्यूबवर तीन-तीन, चार-चार औषधांची नावं एकाखाली एक दिसतील. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन, हे स्टेरॉइड. जेंटामायसिन, निओमायसिन किंवा ओफ्लोक्सासिन, ही जिवाणू मारणारी अँटिबायोटिक. मायकोनाझोल किंवा क्लोट्रिमाझोल, हे बुरशी मारणारं औषध. ब्रँडची नावं मी लिहीत नाही. ती बदलत राहतात, आतलं मिश्रण तेच राहतं.

आता साधा विचार करा. या एकाच ट्यूबमध्ये तीन वेगळ्या रोगांची औषधं का? कारण तुम्हाला नेमकं काय झालंय हे विकणाऱ्याला ठाऊक नाही, आणि ठाऊक करून घ्यायचंही नाही. इसब असेल तर स्टेरॉइड लागेल, नायटा असेल तर बुरशीचं लागेल, पू असेल तर अँटिबायोटिक लागेल. काहीतरी बसेलच निशाण्यावर. आपल्याकडे याला अंदाजपंचे दाहोदरसे म्हणतात. बाजारात याला 'ऑल इन वन' म्हणतात.

रोग तीन आहेत, हे आधी समजून घेऊ.

इसब, म्हणजे एक्झिमा. हा संसर्ग नव्हे, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. कातडीचं कुंपण कमकुवत झालेलं असतं आणि शरीराची संरक्षण यंत्रणा नको तिथं चवताळते. कातडी कोरडी पडते, लाल होते, पाणी सुटतं, खाजवून खाजवून जाड होते. लहान मुलांमध्ये बऱ्याचदा घराण्यात दमा किंवा ॲलर्जी असते. मोठ्यांमध्ये साबण, सिमेंट, रंग, केसांची डाय, फवारणीची औषधं यांनी हातापायाला होतं. आणि आपल्या शेतकऱ्यांचा खास शत्रू म्हणजे गाजरगवत, ज्याला सगळे काँग्रेस गवत म्हणतात. हे गवत भारतात पहिल्यांदा नजरेत भरलं ते पुण्यात, १९५५-५६ च्या सुमारास. आज एक बांध दाखवा जिथं ते नाही. त्याचे सूक्ष्म कण वाऱ्यावर उडतात आणि ज्याला ॲलर्जी आहे त्याच्या पापण्या, मान, कोपराच्या घड्या पेटून उठतात. गडी म्हणतो "उन्हानं झालं". उन्हानं नव्हे, बांधावरच्या पांढऱ्या फुलांनी.

नायटा, म्हणजे गजकर्ण, हिंदीत दाद. ही बुरशी. गोल चट्टा, कडेला जास्त लाल, मधून बरा झाल्यासारखा. जांघेत, कमरेच्या नाडीखाली, काखेत. हा एकाचा दुसऱ्याला लागतो. एका टॉवेलनं अख्खं घर खाजवायला लागतं. मागावर दिवसभर घामात बसणारा कारागीर, उन्हात कांदा काढणारी बाई, घट्ट जीन्स घालून मोटारसायकल चालवणारं पोरगं, कोणीच यातून सुटलेलं नाही.

तिसरा प्रकार जिवाणूंचा. केसतोड, गळू, लहान मुलांच्या नाकाखाली येणाऱ्या मधासारख्या पिवळ्या खपल्या, आणि पायाला झालेली लाल, गरम, दुखरी सूज. यात बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस किंवा स्ट्रेप्टोकोकस हे जिवाणू असतात.

तिन्हींना खाज किंवा आग असते, तिन्ही लाल दिसतात, म्हणून काउंटरवर तिन्हींचं नाव एकच: "खाज". पण एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर काय होतं ते बघा.

नायट्यावर स्टेरॉइड लावलं की दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते. माणूस खूश. मेडिकलवाला देवमाणूस. पण स्टेरॉइडनं बुरशी मेलेली नसते. शरीराचा पहारेकरी झोपवलेला असतो. बुरशी निवांत पसरते. ट्यूब संपली की चट्टा दुप्पट होऊन परत येतो आणि त्याची गोल कडाही नीट दिसत नाही, त्यामुळे पुढचा डॉक्टरही गोंधळतो. वैद्यकशास्त्रात या रूप बदललेल्या नायट्याला १९६८ पासून स्वतंत्र नाव आहे, टिनिया इन्कॉग्निटो, म्हणजे वेष पालटून आलेला नायटा. चोर ओळखू येऊ नये म्हणून त्याला आपणच पोलिसाचा गणवेश चढवला, असा हा प्रकार.

"पण त्यात बुरशीचं औषधही असतं ना?" असतं. पण एकीकडे पहारेकरी झोपवायचा आणि दुसरीकडे त्याच्या हातात काठी द्यायची, यात काठीचा उपयोग किती? शिवाय खाज गेली की माणूस चार दिवसांत ट्यूब बंद करतो. बुरशीचं औषध आठवडेच्या आठवडे लावावं लागतं, चट्टा दिसेनासा झाल्यावरही काही दिवस लावावं लागतं.

याचा परिणाम आता आपल्या तालुक्यापुरता राहिलेला नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत भारतात नायट्याची अशी साथ पसरली की नेहमीच्या टर्बिनाफिनच्या गोळ्या अनेकांना लागू पडेनाशा झाल्या. त्यामागच्या बुरशीला २०२० मध्ये जपानी संशोधकांनी नाव दिलं, ट्रायकोफायटन इंडोटिनी. नावातच 'इंडो' आहे, म्हणजे आपला पत्ता. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीनं न्यूयॉर्कमधले या बुरशीचे तिकडचे पहिले दोन रुग्ण जाहीर केले. स्टेरॉइडमिश्रित मलमांचा बेफाम वापर या साथीमागचं एक मोठं कारण असावं, असं भारतातले आणि बाहेरचे तज्ज्ञ सांगत आलेत. पैठणीनं आपलं नाव जगात नेलं, आता नायटाही नेतोय.

आता दुसरी बाजू, कारण अर्धवट ऐकून घाबरणारेही आपल्यातच आहेत. स्टेरॉइड हे विष नाही. कॉर्टिसोनच्या शोधाला १९५० चं नोबेल मिळालं आणि १९५२ मध्ये हायड्रोकॉर्टिसोनचं मलम त्वचारोगावर लागू पडतं हे अमेरिकेत दाखवलं गेलं. त्याआधी इसबाच्या रुग्णाच्या नशिबी डांबराची मलमं आणि पट्ट्या होत्या. आजही इसब भडकला की योग्य ताकदीचं स्टेरॉइड, योग्य जागी, ठरलेले दिवस, हाच मुख्य इलाज आहे. "स्टेरॉइड आहे, नको" म्हणून रात्रभर खाजवणारं पोर तसंच ठेवायचं आणि मग एखाद्या जडीबुटीवाल्याकडं न्यायचं, हा दुसरा वेडेपणा. त्या जडीबुटीत स्टेरॉइड मिसळलेलं नसेलच याची खात्री कोण देणार?

मुद्दा ताकदीचा आहे. सौम्य हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे बैलगाडी आणि क्लोबेटासोल म्हणजे भरधाव ट्रक. क्लोबेटासोल हे मलमांतलं सर्वात जहाल गटातलं स्टेरॉइड. त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं की सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त नको, आठवड्याला ५० ग्रॅमच्या वर नको. आणि आपल्याकडे? जांघेत लावतात, चेहऱ्यावर लावतात, बाळाच्या लंगोटाच्या जागी लावतात. महिनोन्‌महिने.

काय होतं त्यानं? कातडी पातळ होते, शिरा दिसायला लागतात. जांघेत आणि काखेत जांभळ्या भेगांसारखे वळ उठतात, ते जन्मात जात नाहीत. चेहऱ्यावर मुरुम, लव, सतत लाली. डोळ्यांजवळ महिनोन्‌महिने लावलं तर काचबिंदूचा धोका. तान्ह्या बाळात कातडीतून औषध रक्तात जाऊन शरीराचं स्वतःचं संप्रेरक दबू शकतं, चेहरा सुजून गोल होऊ शकतो. आणि बाळाच्या आईला वाटतं, बाळसं धरलंय.

सगळ्यात चीड येते ती चेहऱ्याच्या धंद्याची. लग्न ठरलं की मुलीच्या हातात कोणीतरी ट्यूब देतं, "आठ दिवस लाव, उजळशील". उजळतेही, कारण स्टेरॉइडनं कातडी फिकी पडते. बंद केलं की चेहरा पेटतो. पुन्हा लावलं की शांत. म्हणजे दारूसारखंच, उतारा म्हणून परत तेच. देशातल्या १२ त्वचारोग केंद्रांचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला होता. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. त्यातल्या २५७ जणांना ते डॉक्टर नसलेल्या कोणीतरी सुचवलं होतं. आणि ४३३ पैकी ३९२ जणांना त्याचे दुष्परिणाम झालेले होते. दहातल्या नऊ जणांना, राव!

आणि त्या ट्यूबमधलं अँटिबायोटिक? तेही फुकट जातंय. इसबाला पाणी सुटलं, खपली आली की लगेच अँटिबायोटिक, हा समज डॉक्टरांमध्येही आहे. ब्रिटनमध्ये ११३ मुलांवर या प्रश्नाचा नीट प्रयोग झाला, त्याचा निष्कर्ष २०१७ मध्ये आला. थोडा संसर्ग झालेला इसब असलेल्या मुलांना काहींना अँटिबायोटिकचं औषध, काहींना अँटिबायोटिकचं मलम, काहींना नुसतंच खोटं औषध दिलं. स्टेरॉइडचं मलम आणि मॉइश्चरायझर सगळ्यांना. दोन आठवड्यांनी अँटिबायोटिकवाल्यांना म्हणण्यासारखा जास्त फायदा दिसला नाही. इसब शमला की त्यावर बसलेले जिवाणूही कमी होतात. म्हणून २०२१ पासून ब्रिटनची सरकारी मार्गदर्शक सूचना सांगते की मूल तापानं किंवा इतर कशानं आजारी नसेल तर अशा इसबाला सरसकट अँटिबायोटिक देऊ नका.

याचा अर्थ अँटिबायोटिक कधीच नको असा कोणी काढू नये. नाकाखालच्या पिवळ्या खपल्यांना म्युपिरोसिन किंवा फ्युसिडिक ॲसिडचं साधं मलम डॉक्टरांनी सांगितलेले थोडे दिवस लावलं की बहुतेकदा भागतं. मोठं गळू असेल तर ते कापून पू काढावा लागतो, नुसत्या मलमानं ते मानत नाही. आणि पाय लाल, गरम होऊन सूज वर चढत असेल, ताप असेल, त्यातून माणसाला साखर असेल, तर ट्यूब शोधत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. तिथं गोळ्या किंवा इंजेक्शनच लागतं. पोराला खपल्या येऊन गेल्यावर दोन-तीन आठवड्यांत चेहरा सुजला किंवा लघवी चहासारखी झाली तर तेही लगेच दाखवा. स्ट्रेप्टोकोकसच्या संसर्गानंतर मूत्रपिंडाला सूज येऊ शकते.

जिथं खरोखर गरज आहे तिथं ही औषधं कामाला यावीत म्हणून ती जपायची असतात. आपण ती डास चावलेल्या जागेवर चोपडतोय. वरून निओमायसिनसारख्या औषधाची कित्येकांना कातडीची ॲलर्जीच होते. म्हणजे खाजेसाठी लावलं आणि त्यानंच खाज वाढली.

आता कायद्याकडे येऊ. कोणी म्हणेल, पत्रकार आहात, कायदा करा म्हणून बोंबला. अहो, कायदा आहे!

वर्षानुवर्षं आपल्याकडे एक भोक होतं. स्टेरॉइड चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम, पण अंगाला लावायच्या मलमांना सूट. त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनं यासाठी वर्षानुवर्षं तगादा लावला. शेवटी २३ मार्च २०१८ ला केंद्र सरकारनं अधिसूचना काढली आणि क्लोबेटासोलसह १४ स्टेरॉइडांच्या मलमांची ती सूट काढून घेतली. म्हणजे शेड्यूल एच. म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विक्री बेकायदा. त्याच वर्षी सप्टेंबरात ३२८ औषध-मिश्रणांवर बंदी आली, त्यात खाजेच्या अशा काही मलमांची मिश्रणंही होती. त्या बंदीची बातमी गाजली ती सॅरिडॉनमुळे. डोकेदुखीच्या गोळीवर चॅनेलवाल्यांनी दिवसभर चर्चा केली, मलमांकडे कोणी बघितलं नाही. बरं, ही बंदी तरी सहज आली का? मार्च २०१६ मध्ये सरकारनं ३४४ मिश्रणं बंद केली, डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयानं ती बंदी रद्द केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, पुन्हा तज्ज्ञांची छाननी, आणि मग २०१८ उजाडलं. एक मिश्रण बंद पडलं तर त्यातलं एखादं औषध बदलून दुसरं मिश्रण बाजारात असतं. सरकार उंदराच्या बिळावर दगड ठेवतं, उंदीर शेजारून निघतो.

आणि विक्रीचं म्हणाल तर दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्टनंच औषध द्यायचं हा नियम १९४८ च्या फार्मसी कायद्यापासूनचा आहे. महेश झगडे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त होते तेव्हा त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, की कागदावरचा फार्मासिस्ट दुकानात प्रत्यक्ष हजर पाहिजे आणि गिऱ्हाइकाला बिल मिळालं पाहिजे. तर राज्यभर औषधविक्रेते बंदची भाषा बोलायला लागले. तो अधिकारी गेला आणि गाडी मूळ रुळावर आली.

आता नेहमीची उत्तरं.

मेडिकलवाले दादा म्हणतात, "मी नाही दिली तर शेजारचा देईल." बरोबर. म्हणूनच तपासणी सगळ्यांची व्हायला पाहिजे. आणि जे प्रामाणिकपणे चिठ्ठी मागतात त्यांचं गिऱ्हाईक तुटतं, त्यांच्यासाठी तरी व्हायला पाहिजे. असे लोक येवल्यात आहेत, मी ओळखतो. त्यांना माझा सलाम, आणि ही पोस्ट त्यांच्या विरोधात नाही.

दुसरं उत्तर, "गरिबाला डॉक्टर परवडत नाही." हे ऐकायला फार गोड. पण हिशोब करा. मला मुखेड भागातला एक शेतमजूर भेटला, वर्षभर जांघेतल्या नायट्यावर ट्यूब लावत होता. महिन्याला दोन ट्यूब, शंभराच्या आतली एक. शेवटी बायको, दोन पोरं, म्हातारी आई, सगळ्यांना लागलं. मग पाच जणांच्या गोळ्या, मलमं, तपासण्या आणि बुडालेली रोजी. स्वस्त ट्यूबनं त्याला कुठल्याही डॉक्टरपेक्षा महाग पाडलं. गरिबाच्या नावानं चाललेला हा धंदा गरिबालाच लुटतोय.

पण या उत्तरात एक खरी गोष्ट आहे आणि ती सरकारनं ऐकायला पाहिजे. त्वचेचा तज्ज्ञ गाठायला राजापूर-नगरसूलकडच्या माणसाला नाशिकची वाट धरावी लागत असेल तर त्याचा अख्खा दिवस जातो, रोजी बुडते, भाडं वेगळं. तो मेडिकलमध्येच जाणार. माणसाला दार दाखवल्याशिवाय "इकडून जाऊ नको" म्हणणं खोटं आहे.

तिसरं उत्तर, "डॉक्टरच ही ट्यूब लिहितात." हो, लिहितात. आमच्या काही डॉक्टर मित्रांनो, रागावू नका. रोगी दोन दिवसांत आराम मागतो, ओपीडीत गर्दी असते, आणि मिश्रणाची ट्यूब लिहिली की निदानाची डोकेफोड वाचते. पण मग तुमच्यात आणि काउंटरवरच्या पोऱ्यात फरक तो कोणता? चट्टा उघडा करून बघायला, गरज पडली तर त्याची साल खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला फार वेळ लागत नाही.

म्हणून माझ्या मागण्या. निवेदन तयार आहे, सह्या करायला या.

एक. अन्न व औषध प्रशासनाच्या नाशिक कार्यालयानं येवला तालुक्यातल्या मेडिकलमध्ये शेड्यूल एचच्या मलमांची विक्री तपासावी. खरेदीची बिलं आणि विक्रीच्या चिठ्ठ्या यांचा मेळ घाला, सगळं दिसेल. शंभर ट्यूब आल्या आणि चिठ्ठ्या पाच, तर बाकीच्या पंच्याण्णव उंदरांनी खाल्ल्या का?

दोन. उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातला एक ठरलेला दिवस त्वचारोग ओपीडीचा असावा, शक्यतो आठवडे बाजाराचा, कारण त्या दिवशी खेड्यातला माणूस तसाही गावात येतो. दिवस आणि वेळ फलकावर मोठ्या अक्षरांत लिहा. साधी हायड्रोकॉर्टिसोन, साधं क्लोट्रिमाझोल, साधं म्युपिरोसिन, एकेकटी औषधं तिथं मिळाली पाहिजेत.

तीन. औषधविक्रेत्यांच्या संघटनेनं स्वतः पुढं येऊन प्रत्येक दुकानात पाटी लावावी: 'स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय मिळणार नाहीत.' सगळ्यांनी लावली तर कोणाचंच गिऱ्हाईक तुटत नाही.

चार. गाजरगवत. नगरपालिका आणि ग्रामपंचायतींनी ते फुलावर यायच्या आधी उपटावं. इसबाचा हा इलाज कुठल्याही ट्यूबमध्ये मिळत नाही.

याच विषयावर मी माहिती अधिकारात अर्जही टाकतोय: गेल्या तीन वर्षांत तालुक्यात किती दुकानं तपासली, किती ठिकाणी फार्मासिस्ट गैरहजर सापडला, मलमांच्या विक्रीबद्दल किती नोटिसा दिल्या, पुढं काय झालं. ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. आलं तर इथंच टाकीन. नाही आलं तर तेही इथंच टाकीन.

आणि आपण काय करायचं? सरकार येईल तेव्हा येईल, ट्यूब तर उद्या सकाळीच लागेल.

ट्यूब उलटा. डाव्या बाजूला उभी लाल रेघ किंवा आरएक्सची खूण दिसली की ती चिठ्ठीचीच. नावात शेवटी 'सोन', 'सोल' किंवा 'सोलोन' दिसलं तर विचारा, "यात स्टेरॉइड आहे का?" 'आझोल' वाचून मात्र घाबरू नका, ते बुरशीचं औषध. बिल मागाच. बिल हा एकच कागद तुमच्या बाजूनं बोलतो.

डॉक्टरनं इसबाला स्टेरॉइड दिलं तर तीन गोष्टी विचारून घ्या: कुठं लावायचं, किती लावायचं, किती दिवस. मापही सोपं आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली मलमाची रेघ दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. इसबासाठी रोजचं खरं औषध म्हणजे मॉइश्चरायझर, आणि ते महागच हवं असं काही नाही. इंग्लंडमध्ये ५५० मुलांवर लोशन, क्रीम, जेल, ऑइंटमेंट असे चार प्रकार तपासले, २०२२ मध्ये निकाल आला, चारही सारखेच. जे परवडेल, जे पोर लावून घेईल, ते भरपूर लावा. नायटा असेल तर टॉवेल वेगळा, कपडे गरम पाण्यात धुवून कडक उन्हात, आणि घरात ज्याला ज्याला असेल त्या सगळ्यांचा इलाज एकाच वेळी. रात्री सगळ्या घरालाच खाज सुटत असेल तर खरूजही असू शकते, तिचं औषध आणखी वेगळं.

ही पोस्ट वाचून कोणी घाईत महिनोन्‌महिने लावत असलेली ट्यूब एकदम फेकून देऊ नका, विशेषतः चेहऱ्यावरची आणि लहान बाळाची. ती कशी उतरवायची हे डॉक्टर सांगतील. त्यांच्याकडे जाताना ट्यूब सोबत न्या, लपवू नका. आणि औषधाचा वाईट परिणाम झाला असेल तर केंद्र सरकारचा औषध-दुष्परिणाम नोंदवायचा फुकट नंबर आहे, १८००-१८०-३०२४. रुग्ण स्वतः फोन करू शकतो. आपण तक्रारच करत नाही, म्हणून कागदावर सगळं आलबेल दिसतं.

निवेदनावरच्या सह्यांसाठी रविवारी सकाळी दहा वाजता शनिपटांगणावर बसतोय. येताना घरातली खाजेची ट्यूब घेऊन या. तिथंच उलटून वाचू, सगळे मिळून.